मालवणच्या उकाड्यात ओव्हरक्लॉकिंग : गिगाबाइट झेड३९० ऑरस मास्टर

इंटेलचा झेड३९० चिपसेट २०१८ सालचा. त्यावरचा गिगाबाइटचा ऑरस मास्टर हा मदरबोर्ड आता मिळतो तो बहुतेक वापरलेलाच. तरी मी त्यावर एवढं सविस्तर लिहितेय, कारण ओव्हरक्लॉकिंगबद्दल, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवण्याबद्दल, जे वाचायला-बघायला मिळतं त्यात खोलीचं तापमान वीस-बावीस अंश धरलेलं असतं. मालवणात मे महिन्यात रात्री अकरा वाजताही माझ्या एडिटिंगच्या खोलीत ३२-३३ अंश असतात. हवेत मीठ आणि ओल, आणि दिवेलागण झाली की व्होल्टेज खाली. अशा खोलीत हा बोर्ड कसा वागतो, त्याच्याकडून काय करून घेता येतं आणि काय करून घेऊ नये, तेवढंच सांगायचं आहे.

आधी कामाचं सांगते, कारण त्यावरच सगळं ठरलं. मालवणातल्या मेढ्यात घरातच माझा व्हिडिओ एडिटिंगचा स्टुडिओ आहे. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की दशावतारी नाटकांची रेकॉर्डिंगं येतात. आडदशावतारापासून (मुख्य नाटकाआधीच्या पारंपरिक भागापासून) धरलं तर नाटक पहाटेपर्यंत चालतं, आणि तेही दोन कॅमेऱ्यांवर. जत्रा ओसरतात न ओसरतात तोच एप्रिल-मेची लग्नं. म्हणजे सगळ्यात जास्त रेंडर (तयार व्हिडिओची फाइल काढणं) नेमके सगळ्यात गरम महिन्यांत. फुटेज बहुतेक दहा-बिटचं ४:२:२, म्हणजे रंगाची जास्त माहिती साठवणारं. एच.२६४ मधलं असं फुटेज या पिढीच्या इंटेल प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला हार्डवेअरने उलगडता येत नाही, माझ्या जुन्या ग्राफिक्स कार्डालाही नाही, त्यामुळे सगळा भार प्रोसेसरच्या कोअरवर येतो. शिवाय मंडपातला उजेड कमी, संकासुराचा काळा वेष, मागे काळोख. तो काळोख दाणेदार न होता स्वच्छ राहावा म्हणून मी शेवटची फाइल एक्स२६५ या व्हिडिओ आवळणाऱ्या सॉफ्टवेअरने प्रोसेसरवरच काढते. वेळ लागतो, पण काळा रंग काळा राहतो.

प्रोसेसर आय९-९९००के माझ्याकडे आधीपासून होता, एका साध्या बोर्डावर. या बोर्डाची चौकशी मुंबईत लॅमिंग्टन रोडला भाच्याने केली. वापरलेला बोर्ड घेताना सगळ्यात आधी सॉकेट बघायचं असतं, कारण एलजीए ११५१ मध्ये पिना प्रोसेसरला नसून बोर्डाला असतात आणि एक पिन वाकली तरी रॅमची अर्धी बाजू गायब होऊ शकते. त्याने मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून चारी कोपऱ्यांतून फोटो काढून पाठवले आणि फोनवर म्हणाला, "मावशी, पिनो सगळ्यो सरळ आसत, घेतंय मी." पंधरा हजारांच्या आत पडला. तुतारी एक्सप्रेसने कुडाळपर्यंत, तिथून एसटीने मालवण, मांडीवर खोका घेऊन. त्याचे उपकार आहेत.

आता मूळ मुद्दा. महागडा मदरबोर्ड म्हणजे जास्त वेग, असा सरळ हिशेब लोक करतात. तसं नसतं. वेग प्रोसेसरचा असतो. के अक्षराचा प्रोसेसर आणि झेड चिपसेट असला की मल्टिप्लायर खुला होतो : १०० मेगाहर्ट्झ गुणिले ४७ म्हणजे ४.७ गिगाहर्ट्झ, गुणिले ५० म्हणजे ५. हे स्वस्तातल्या झेड३९० बोर्डावरही लिहिता येतं. फरक पडतो तो त्या वेगाला लागणारी वीज किती शांतपणे पुरवली जाते त्यात, आणि हे काम व्हीआरएमचं, म्हणजे बोर्डावरच्या व्होल्टेज उतरवून देणाऱ्या भागाचं.

पॉवर सप्लायकडून बोर्डाला येतात १२ व्होल्ट. प्रोसेसरला हवे असतात सव्वाच्या आसपास. एक्स२६५ चालू असताना माझा प्रोसेसर १६० वॅटच्या आसपास खातो. १६० भागिले १.२ म्हणजे सुमारे १३३ अँपिअर. हा करंट या बोर्डावर १२ फेजमध्ये, म्हणजे बारा समांतर वाटांमध्ये, वाटला जातो, प्रत्येकीच्या वाट्याला ११. चार फेजच्या बोर्डावर तेच ३३ होतात. मास्टरवरची प्रत्येक फेज ४० अँपिअरपर्यंतची आहे, म्हणजे ती कायम आपल्या कुवतीच्या बरीच खाली, निवांत चालते. त्यात वरचं हीटसिंक खऱ्या पातळ पात्यांचं आहे, आतून हीटपाइप गेलेली. त्या काळच्या कितीतरी बोर्डांवर नुसता ॲल्युमिनियमचा देखणा ठोकळा असायचा, त्याला हवा लागायला जागाच नसायची. मे महिन्यात रात्रभराच्या रेंडरमध्ये माझ्या व्हीआरएमचं तापमान सत्तरच्या आत राहतं. आधीच्या बोर्डावर ते शंभरीला टेकायचं, आणि तिथे पोचलं की प्रोसेसरचा वेग आपोआप खाली यायचा. टास्क मॅनेजर उघडून बघितलं की ३.६ वर रांगत असायचा. वेग वाढवायची गोष्ट राहू द्या, आहे तो वेग मे महिन्यात टिकवायला मला हा बोर्ड लागला.

म्हणून माझा पहिला सल्ला : कोकणात ओव्हरक्लॉकिंगची सुरुवात व्होल्टेज कमी करण्यापासून करा.

९९००के च्या डब्यावर ९५ वॅट लिहिलेलं असतं. तो आकडा ३.६ गिगाहर्ट्झच्या मूळ वेगाचा आहे. आठही कोअर कामाला लागले की तो टर्बोने, म्हणजे स्वतःहून वेग वाढवून, ४.७ वर चालतो आणि ९५ कधीच मागे पडतात. व्होल्टेज ऑटोवर ठेवलं तर त्या काळचे बहुतेक बोर्ड, कुठल्याही कंपनीचे, गरजेपेक्षा जास्तच देतात, कारण हजारो चिपांमधली सगळ्यात कमकुवत चिपही त्यांना चालवून दाखवायची असते. तुमची चिप तितकी कमकुवत असेलच असं नाही. माझी चिप ४.७ ला भाराखाली १.२० व्होल्टवर रात्रभर चालते. ऑटोवर हीच चिप त्याच वेगाला कितीतरी जास्त घेत होती आणि फुकट तापत होती.

इथे बोर्डावरच्या लोडलाइन कॅलिब्रेशनचं महत्त्व कळतं. प्रोसेसरवर भार आला की व्होल्टेज थोडं खाली बसतं. किती बसू द्यायचं ते या सेटिंगने ठरतं. पर्याय बरेच आहेत, स्टँडर्डपासून अल्ट्रा एक्स्ट्रीमपर्यंत. मी त्यातल्या टर्बो नावाच्या पायरीवर ठेवलंय. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, १.२३ लिहिलं की भाराखाली १.२० च्या आसपास दिसतं आणि तिथेच स्थिर राहतं. त्याच्या वरच्या पायऱ्यांना हात लावू नका : भार एकदम सुटला की व्होल्टेज क्षणभर वर उसळतं, आणि ती उसळी साध्या सॉफ्टवेअरमध्ये दिसतही नाही.

आता वेग वाढवायचा हिशेब. प्रोसेसरची उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. माझ्या चिपला ५ गिगाहर्ट्झसाठी भाराखाली १.३० लागतात. १.३० भागिले १.२०, त्याचा वर्ग, आला १.१७. वेग ४.७ वरून ५, म्हणजे १.०६. गुणाकार १.२५. सहा टक्के वेगासाठी पंचवीस टक्के जास्त उष्णता! माझ्याकडे ४.७ ला प्रोसेसर खोलीच्या तापमानापेक्षा ४८ अंश वर जातो, ५ ला ६० अंश. मे महिन्यात खोली ३३ असेल तर ४.७ ला ८१, आणि ५ ला ९३. ही चिप १०० ला स्वतःला आवरते. सात अंशांच्या फरकावर लग्नाचं काम रात्रभर सोडून मी झोपू शकत नाही. आणि मिळतं काय? पाच तासांच्या रेंडरमध्ये अठरा मिनिटं.

पण हीच खोली जानेवारीत रात्री २४ अंशांवर येते. तेव्हा ५ गिगाहर्ट्झला ८४. तेव्हा मी ते खुशाल चालवते, कारण जत्रेच्या दिवसांत मंडळाला नाटक लवकर हवं असतं आणि अठरा-अठरा मिनिटं आठवड्याला जमत जातात. म्हणून बायोसमध्ये माझी दोन प्रोफाइलं सेव्ह आहेत, एकाचं नाव मे, दुसऱ्याचं जत्रा. आंगणेवाडीची जत्रा झाली आणि खोलीतला थर्मामीटर रात्रीसुद्धा २८ च्या खाली येईना झाला की जत्रा काढून मे लावायचं. प्रोफाइल बदलणं म्हणजे सुरू करताना डिलीट दाबून बायोसमध्ये शिरायचं आणि यादीतून निवडायचं. एवढं सोपं असल्यामुळेच ते खरोखर केलं जातं. ऋतू बघून मशीन चालवणं कोकणातल्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही, बोर्डाने ती सोय तेवढी दिली पाहिजे. या बोर्डाने दिलीय.

चाचणीबद्दल. सिनेबेंच हे प्रोसेसरच्या चाचणीचं सॉफ्टवेअर दहा मिनिटं चाललं म्हणजे मशीन स्थिर, असं धरू नका. माझं ५ गिगाहर्ट्झ १.२७ व्होल्टवर सिनेबेंचमध्ये सुरळीत चालायचं, आणि एक्स२६५ मध्ये दोन-तीन तासांनी निळी स्क्रीन. एक्स२६५ एव्हीएक्स२ च्या सूचना वापरतो, त्या कोअरला जास्त पिळतात. निळ्या स्क्रीनच्या आधीच इशारा मिळतो, तो बघायला शिका : एचडब्ल्यूइन्फो हे मशीनचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा आणि सगळ्यात खाली व्हीआ एरर्सची, म्हणजे विंडोजने नोंदलेल्या हार्डवेअरच्या चुकांची, ओळ बघा. तिथे शून्याच्या जागी एक जरी आकडा आला तरी प्रोसेसरने आतल्या आत चूक सुधारून घेतलीय, असा त्याचा अर्थ. स्क्रीनवर काही दिसत नाही, रेंडरही पूर्ण होतो, पण ते व्होल्टेज पुरत नसतं. मी १.२७ वरून एकेक पायरी वर जात १.३० ला आले, तेव्हा ती ओळ रात्रभर शून्य राहिली. तुमच्या चिपचा आकडा वेगळा येईल, माझा उचलू नका.

रॅम मात्र मी ३२०० च्या एक्सएमपीवर, म्हणजे रॅमच्या कंपनीने ठरवून दिलेल्या तयार सेटिंगवर, ठेवून सोडून दिलीय. प्रोसेसर चुकला तर बहुतेक वेळा मशीन बंद पडतं किंवा व्हीआच्या ओळीत कळतं. रॅम चुकली तर फाइल गुपचूप बिघडू शकते. कोणाच्या मुलीच्या लग्नाचं एकमेव फुटेज ज्या मशीनमध्ये असतं तिथे रॅमशी खेळ नको.

बोर्डावर दोन अंकी छोटा डिस्प्ले आहे, सुरू होताना कोड दाखवतो. शहरात हे शोभेचं वाटेल, दुरुस्तीचं दुकान दोन गल्ल्यांवर असतं. इथे तो डिस्प्ले हाच मेकॅनिक. गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं, खोलीत गाद्या घातलेल्या, मशीन बंद. भाद्रपदातली ओल तुम्हाला माहीत आहे. विसर्जनानंतर चालू केलं तर पंखे फिरतात, स्क्रीन काळी. डिस्प्लेवर ५५. म्हणजे रॅम सापडत नाही. रॅमच्या पट्ट्या काढल्या तर सोनेरी दातांवर धुरकट थर धरलेला. शाळेतल्या खोडरबराने हलक्या हाताने पुसल्या, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवला, वाळू दिल्या, परत बसवल्या, सुरू. तो आकडा नसता तर पॉवर सप्लायपासून शोधत बसले असते. तेव्हापासून पावसाळ्यात मशीन रोज थोडा वेळ तरी चालू करते, गणपतीतसुद्धा. चालू मशीन आतून हवेपेक्षा गरम असतं, तिथे दव धरत नाही. ओल बसते ती बंद मशीनवर.

तसंच दोन बायोस चिपा आणि त्यांची निवड करायची स्विचं. बायोस अपडेट चालू असताना लाईट गेली तर एका चिपवरचं जाईल, दुसरीवर मशीन उठेल. ज्या गावात वळवाचे चार थेंब पडले की लाईट जाते तिथे ही सोय मी सगळ्यात वर धरते. सेटिंग चुकून मशीन उठेनासं झालं तर सीमॉस (बायोसची साठवलेली सेटिंगं) साफ करायचं बटण बोर्डालाच आहे, स्क्रूड्रायव्हरने पिना जोडत बसावं लागत नाही.

कूलर नॉक्टुआचा एनएच-डी१५, हवेवरचा, १४० मिलिमीटरचे दोन पंखे. उंची १६५ मिलिमीटर, कॅबिनेटमध्ये मावतो का ते मोजूनच घ्या. पाण्याचे कूलर चांगले असतात, पण पंप गेला तर इथे बदली मिळेपर्यंत काम ठप्प. हवेच्या कूलरचा पंखा गेला तर मालवणच्या बाजारपेठेतला कुठलाही १२० चा पंखा बांधून रात्र काढता येते. आणि एक कळकळीची विनंती. बर्फाचं पाणी, चिलर, असले थंड करायचे प्रयोग पाहून इथे करायला जाऊ नका. आषाढात हवा २७ अंश आणि आर्द्रता नव्वद टक्के असते, तेव्हा दवबिंदू २५ च्या आसपास असतो. म्हणजे २५ पेक्षा थंड असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरणार. कोरड्या हवेच्या शहरात जे जमतं ते इथे सॉकेटमध्ये थेंब सोडेल.

विजेचं थोडक्यात. चांगला पॉवर सप्लाय १०० ते २४० व्होल्ट घेतो, त्यामुळे संध्याकाळच्या १८० ची त्याला पर्वा नसते, पण यूपीएसला असते. ओव्हरक्लॉक केल्यावर ग्राफिक्स कार्ड धरून मशीन चारशे वॅटला पोचू शकतं, ६०० व्हीएचा यूपीएस तिथे हात टेकतो. मी एक केव्हीएचा, शुद्ध साइन वेव्हचा घेतला. अर्थिंग तपासून घ्या. जांभ्यात ते उन्हाळ्यात कोरडं पडतं, खड्ड्यात पाणी घालावं लागतं. विजा चमकायला लागल्या की प्लग आणि इंटरनेटची केबल दोन्ही काढायची. सासूबाई विचारतात, "रातभर ह्यां चालू, बिल कोण भरतलो?" तर हिशेब असा : रेंडर करताना सगळं मशीन मिळून तीनशे वॅट धरले तर आठ तासांचे अडीच युनिटही होत नाहीत. एसी रात्रभर लावला तर त्याचे कितीतरी जास्त. म्हणूनच रेंडरसाठी मी एसी लावत नाही आणि हा सगळा खटाटोप बिनएसीच्या खोलीसाठी आहे.

बोर्डाच्या मर्यादा सरळ आहेत. पीसीआय एक्सप्रेस ३.० पर्यंतच, त्यामुळे एनव्हीएमई ड्राइव्ह सेकंदाला साडेतीन हजार मेगाबाइटवर थांबते. रॅम डीडीआर४. नेटवर्क एक गिगाबिटचं. नवव्या पिढीच्या पुढे वाट नाही. विंडोज ११ मात्र अधिकृतपणे चालतं, आठव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर त्यात धरलेले आहेत, टीपीएम ही सुरक्षेची सोय तेवढी बायोसमधून चालू करायची.

नव्या पिढीचं मशीन घेणाऱ्यांनी वेगासाठी ओव्हरक्लॉकिंगच्या मागे लागू नये असं माझं मत आहे. आताचे प्रोसेसर कंपनीतूनच टोकाला ताणून येतात. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीत जादा व्होल्टेजमुळे चिपा कायमच्या अस्थिर होऊ लागल्या, ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीला ०एक्स१२९ हा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची सुधारित आवृत्ती) काढावा लागला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. तिथेही मी बोर्ड निवडताना हेच बघेन : व्हीआरएमला खऱ्या पात्या आहेत का, कोडचा डिस्प्ले आहे का, दुसरी बायोस चिप आहे का, आणि व्होल्टेज स्वतःच्या हाताने खाली आणता येतं का. दिव्यांची रोषणाई शेवटी.

ज्यांच्याकडे ८७००के, ९७००के किंवा ९९००के आधीच आहे आणि साध्या बोर्डावर उन्हाळ्यात गुदमरतोय, त्यांनी हा बोर्ड चांगल्या अवस्थेत मिळाला तर जरूर घ्यावा. प्रोसेसर नसेल तर दोन्ही जुनं विकत घेण्यात अर्थ नाही. आल्या आल्या सीमॉसचा सीआर२०३२ सेल बदला, हीटसिंकच्या पात्यांमधली धूळ ब्रशने काढा. आणि बायोसची आवृत्ती नवी करायच्या आधी प्रोफाइलांमधले सगळे आकडे वहीत उतरवून घ्या, जुन्या आवृत्तीचं प्रोफाइल नव्यात बहुधा लोड होत नाही.